गोंधळाचा लाइव्ह अल्बम: काय ठेवलं, काय गाळलं

गोंधळाचा अल्बम करायचं ठरलं तेव्हा गोंधळी मंडळींचे म्होरके असलेल्या नाईकांनी पहिलीच अट घातली, स्टुडिओत येणार नाही. त्याआधी एकदा कुणीतरी त्यांचं स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं होतं. संबळ काचेपलीकडच्या खोलीत, तुणतुणं दुसऱ्या कोपऱ्यात, नाईक स्वतः हेडफोन लावून तिसरीकडे, आणि सगळ्यांच्या कानात लय धरायला लावलेल्या क्लिकची टकटक. ते मुद्रण मी ऐकलं. स्वच्छ होतं, सुरात होतं. पण नाईक 'उदे' म्हणतात आणि समोरून कुणीच 'उदे' म्हणत नाही, हे ऐकायला फार चमत्कारिक वाटत होतं. "समोर माणूसच नसंल तर सांगू कुणाला?" असं नाईक म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला. गोंधळात आख्यान गायलं जातं त्यापेक्षा जास्त सांगितलं जातं. सांगायला हुंकार देणारा लागतो. म्हणून मग तिकीट न लावता कार्यक्रमच करायचा, माणसं बोलवायची आणि जे होईल ते मुद्रित करायचं, असं ठरलं.

मी ध्वनिमुद्रक, माझं रोजचं काम नाटकांचं आणि शास्त्रीय मैफलींचं. मैफलीत बैठक एकदा जमली की कलावंत जागचा हलत नाही. तानपुरा कुठे, तबला कुठे, सगळं ठरलेलं. गोंधळी मात्र उभा असतो, नाचतो, गिरकी घेतो, मध्येच संबळवाल्याच्या कानाशी जाऊन थट्टा करतो आणि तिथूनच थेट वरच्या पट्टीत आरोळी ठोकतो. ध्वनिमुद्रकाला शिकवलेले निम्मे नियम इथे लागू पडत नाहीत, हे मला तालमीला गेल्यावरच कळून चुकलं होतं.

पहिला प्रश्न जागेचा. मला देवळासमोरचं पटांगण हवं होतं. तिथला आवाज मोकळा, माणसं जमिनीवर बसणार, नाईकांनाही तेच सवयीचं. पण गोंधळ ही रात्रभराची कला आणि ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक आणि वाद्यं बंद. राज्य सरकार सणासुदीला १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. म्हणजे सातला सुरू करून दहाला आवरायचं. चौक, गण, देवतांचं आवाहन यांतच दीड तास जातो. आख्यान रंगात यायला लागावं आणि घड्याळाकडे बघावं लागावं, हे नाईकांना पटणारं नव्हतं. बंदिस्त सभागृहाला तो नियम त्याच पद्धतीने लागत नाही. शेवटी नाट्यगृह घेतलं, लागोपाठ दोन रात्रींची सत्रं. दोन अशासाठी की एका रात्री काही बिघडलं तर दुसरी हाताशी असावी.

नाट्यगृहात नवीनच प्रश्न. दिवटी पेटवायची की नाही? व्यवस्थापक म्हणाले, रंगमंचावर उघडी ज्योत चालणार नाही, पडद्यांना लागली तर काय. त्यांचं बरोबर होतं. नाईकांचंही बरोबर होतं, दिवटी-बुधलीशिवाय गोंधळ म्हणजे काय. बऱ्याच बोलण्यानंतर पत्र्याच्या परातीत समई, शेजारी अग्निशामक नळकांडं आणि दिवटी न पेटवता हातात, एवढ्यावर तडजोड झाली. यात ध्वनिमुद्रणाचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. संबळाचं कातडं हवेतल्या दमटपणाने सैलावतं. एरवी संबळवाला मधूनच ते जाळाजवळ धरून शेकतो आणि बोल पुन्हा खणखणीत होतात. वातानुकूलित सभागृहात जाळ नाही आणि हवेचा दमटपणाही कमी-जास्त होत राहणार. त्याने शांतपणे पिशवीतून केस वाळवायचा ड्रायर काढला. नाट्यगृहात वाजवायची त्याची पहिली वेळ नव्हती. त्या ड्रायरची घरघर मात्र मला कार्यक्रमाच्या मधल्या थट्टेच्या भागात दोनदा सापडली, आणि एकदा तर नाईकांनी त्यावरच विनोद केल्यामुळे ती काढताही आली नाही.

चौक भरण्याचाही परिणाम माझ्या वेळापत्रकावर झाला. रंगमंचाच्या मध्यभागी पाट, त्यावर वस्त्र, धान्य, कलश अशी मांडणी झाली की त्यानंतर कुणी चपला घालून तिथे फिरायचं नाही आणि चौक ओलांडायचाही नाही. म्हणजे सगळ्या वायरी आधीच टाकून, चौकाला वळसा घालून, पट्टीने चिकटवून मोकळं व्हायचं. मग ऐन वेळी एखादा माईक बदलायचा झाला तर माझा मदतनीस अनवाणी, कडेकडेने. त्यामुळे मी माईक कमी ठेवले. चांगलंच झालं.

माईक कुठे ठेवायचे, यावर सगळ्यात जास्त डोकं चाललं. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली दोन वाद्यं, एक उंच टिपेचं, एक खर्जाचं, काठ्यांनी वाजणारं, आणि ते नाईकांपासून हातभर अंतरावर. बंद खोलीत ऐकलं तर कान झाकावेसे वाटतील इतका त्याचा दणका. नाईकांच्या माईकमध्ये त्यांचा आवाज जितका येणार, जवळपास तितकंच संबळ येणार. कॉलरला लावायचा छोटा माईक लगेच बाद झाला, कारण नाईकांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा. प्रत्येक हालचालीला कवड्या माईकवर आपटून खडखड. हातातला माईक दिला तर एक हात अडकला, आणि गोंधळ्याचा अर्धा अभिनय हातात असतो. शेवटी गालाशी येणारा हेडसेट घेतला.

माईकच्या ज्या बाजूने त्याला कमी ऐकू येतं, ती बाजू नकोशा आवाजाकडे फिरवायची, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. साध्या कार्डिऑइड माईकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. पण ज्याचा गाल सतत फिरतो त्या माणसाच्या गालावरच्या माईकला पाठ कुठली आणि पोट कुठलं! तेव्हा मी हे भांडण सोडून दिलं. संबळ सगळीकडे शिरणारच असेल तर ते चांगलं वाजत शिरावं, एवढं बघायचं. टिपेच्या संबळाला एक छोटा कंडेन्सर माईक, खर्जाच्याला दणका सोसणारा डायनॅमिक माईक, आणि मंडळींच्या डोक्यावर उंचीवर दोन माईकची जोडी. या जोडीत जे चित्र येईल ते खरं धरायचं आणि जवळचे माईक त्याला फक्त आधाराला घ्यायचे. तुणतुण्याचा आवाज बिचारा बारीक, त्यालाच चिकटवायचा माईक लावला. झांजेला काहीच लावलं नाही. झांज सगळ्या माईकमध्ये होती, तिला वेगळं बोलावणं पाठवायची गरज नव्हती.

प्रेक्षकांसाठी चार माईक. दोन रंगमंचाच्या कडेला, तोंड माणसांकडे. दोन सभागृहाच्या मध्यावर, छताजवळच्या पट्टीला टांगलेले. हे चार माईक पाहून सभागृहाचे साउंडवाले हसले. त्यांच्या दृष्टीने प्रेक्षक म्हणजे आवाजातली अडचण. मला मात्र पहिल्यापासून वाटत होतं की अल्बम जमला तर याच चारांवर जमेल.

साउंडवाल्यांशी एक करार आधीच केला. रंगमंचावरचा प्रत्येक आवाज फाट्यावरून दोन ठिकाणी जाणार, एक त्यांच्या मिक्सरला आणि एक थेट माझ्या रेकॉर्डरला. त्यांनी कार्यक्रमात कितीही वर-खाली केलं तरी माझ्या मुद्रणाला धक्का नाही. हे आवश्यकच होतं, कारण नाईक वळून स्पीकरसमोर गेले की माईक शिट्टी मारायचा आणि साउंडवाल्यांना आवाज झटकन खाली ओढावा लागायचा. मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. या मापाने एका माईकचं तासाभराचं मुद्रण साधारण अर्ध्या जीबीचं होतं. सोळा वाटांचं, म्हणजे सोळा स्वतंत्र मुद्रणांचं, तासाला सव्वाआठ जीबीच्या आसपास. हल्ली जागेची चणचण नाही, त्यामुळे दोन वेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी घेतलं.

पातळी लावताना एक गोष्ट मी कधीच विसरत नाही: चाचणीच्या वेळी कुणीही खरं वाजवत नाही. संबळवाला दुपारी मला "एवढं वाजवतो" म्हणून जे दाखवत होता, त्यावर मी चांगली ऐसपैस जागा सोडली. रात्री आख्यान रंगल्यावर तो त्या जागेत शिरला आणि ती जवळजवळ भरून काढली. २४ बिटमध्ये खालच्या पातळीवर घेतलं तर बिघडत काहीच नाही. वर जाऊन फाटलं तर मात्र ते परत येत नाही.

दुपारी एक गूं असा आवाज सगळ्या वाटांवर होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० आणि तिच्या पटीतले १००, १५० हे गुणगुणणारे सूर ओळखू येतात. पण यात एक किरकिरही होती, म्हणजे दिव्यांचे डिमर. प्रकाशयोजनाकाराने दिवे मंद केले की किरकिर वाढे. आमची वीज दुसऱ्या फेजवर घेतली, वायरी दिव्यांच्या वायरींपासून लांब नेल्या, तेव्हा शांतता झाली. एसीची घरघर राहिलीच. प्रेक्षक आले की तीही झाकली जाते, आणि तसंच झालं.

कार्यक्रमाबद्दल फार लिहीत नाही. कार्यक्रम चालू असताना ध्वनिमुद्रकाला कार्यक्रम दिसत नाही, काटे दिसतात. पहिल्या रात्री माणसं खुर्च्यांना टेकून नाटक बघायला आल्यासारखी बसली होती. नाईकांनी तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर असं एकेका ठिकाणच्या देवाला गोंधळाला बोलावलं. गावांची नावं आली तशी मागच्या रांगांमधून पुटपुट सुरू झाली, पण 'उदे' काही मोठ्याने येईना. दुसऱ्या रात्री नाईकांनी सुरुवातीलाच पुढच्या रांगेतल्या एका काकांना उभं करून "तुम्ही जेवून आलात ना? मग आवाज कुठाय?" असं विचारलं. सगळं सभागृह हसलं आणि पुढचा 'उदे' छताच्या माईकना हादरवून गेला.

मिक्सिंगला बसलो तेव्हा बेत असा होता की दोन्ही रात्रींतलं उत्तम तेवढं निवडून एक रात्र तयार करायची. लाइव्ह अल्बममध्ये हे सर्रास होतं आणि त्यात गैर काही नाही. पण गोंधळाने तो बेत चालू दिला नाही. तुणतुणं नाईकांच्या गळ्याला लावलं जातं, पेटीला नव्हे. पहिल्या रात्री ते पेटीवरच्या पांढरी पाच आणि काळी चार या शेजारच्या पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी होतं, दुसऱ्या रात्री त्याच्याही थोडं खाली. शिवाय त्याची खुंटी लाकडी. रात्र चढते तशी तार हलते आणि गाणारे तिच्याबरोबर हलतात. लय तर सरळ रेषेत कधीच नसते. आख्यान ज्या लयीत सुरू होतं त्याच्या दुपटीच्या जवळ जाऊन थांबतं, आणि प्रत्येक रात्री ती चढण वेगळी. भरीला शब्दही वेगळे, कारण नाईक आणि साथीदार यांची थट्टा आयत्या वेळची. एका रात्रीची ओळ कापून दुसरीत बसवली की सांधा लगेच ओळखू येई. संगणकाने सूर ओढून आणि लय ताणून हे जुळवता येतं. थोडं जुळवून पाहिलंही. संबळ रबरासारखं वाजायला लागलं. ते पुसून टाकलं आणि दुसरी रात्र अखंड घ्यायची असं ठरवलं.

एकच अपवाद केला. दुसऱ्या रात्रीच्या आवाहनात कुणाचा तरी मोबाइल वाजला, तोही बराच वेळ, हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या सुरावर. ते गाणं कुणा कंपनीच्या मालकीचं. अल्बममध्ये राहिलं असतं तर वेगळीच कटकट. म्हणून आवाहन पूर्णच्या पूर्ण पहिल्या रात्रीचं घेतलं. ट्रॅकच्या हद्दीवर, मध्ये बोलणं असेल तर, कान पट्टीतला फरक सहज माफ करतो. वेष्टणावर दोन्ही तारखा छापल्या, कोणता भाग कोणत्या रात्रीचा तेही. याबाबतीत मी हट्टी आहे. अमेरिकन गायक बॉब डिलनचा १७ मे १९६६चा इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला कार्यक्रम कित्येक वर्षं चोरट्या प्रतींवर 'रॉयल अल्बर्ट हॉल' या नावाने फिरला; अधिकृत अल्बम १९९८ला आला तेव्हाही ते चुकीचं नाव अवतरणात घालून छापावं लागलं, कारण लोक त्याला त्याच नावाने ओळखत होते.

त्याच मुद्रणातली दुसरी गोष्ट मला या कामात सारखी आठवत होती. लोकगायक म्हणून वाढलेला डिलन त्या रात्री विजेची गिटार घेऊन गात होता, आणि प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, 'जुदास'. ख्रिस्ताशी दगा करणारा तो जुदास. डिलननेही उत्तर दिलं आणि पुढचं गाणं आणखी जोरात वाजवलं. एखाद्या काटेकोर ध्वनिमुद्रकाने ती आरोळी पुसली असती तर त्या अल्बमचा कणाच मोडला असता. आमच्याकडे असलं नाट्य नव्हतं. पण दुसऱ्या रात्रीचे ते पुढच्या रांगेतले काका, त्यांच्यावरचं हसू आणि त्यानंतरचा 'उदे' हे सगळं अल्बमच्या पहिल्या मिनिटात आहे. माझ्या ओळखीतल्या एका संगीतकाराने ते काढून सरळ गाण्यावर यावं असं सुचवलं. मी काढलं नाही. पुढचा तासभर समोरून जे उत्तर येतं त्याचं कारण त्या मिनिटात आहे.

प्रेक्षकांचा आवाज ठेवायचा म्हटलं की तो नुसता वर ओढून चालत नाही. आवाजाला एक मीटर जायला जवळपास तीन हजारांश सेकंद लागतात. सभागृहाच्या मध्यावरचे माईक रंगमंचापासून सतरा-एक मीटरवर, म्हणजे तिथे संबळ पन्नास हजारांश सेकंद उशिरा पोचतं. हे जसंच्या तसं मिसळलं तर प्रत्येक थापेला एक भूत चिकटतं. म्हणून त्या दोन वाटा तेवढ्याच पुढे सरकवल्या. गंमत अशी की टाळ्याही त्यामुळे तालात आल्या. मध्यावरचा माणूस संबळ उशिरा ऐकतो, त्यावर उशिरा टाळी देतो, आणि ती त्याच्या डोक्यावरच्या माईकमध्ये तितकीच उशिरा नोंदली जाते. सगळं एकदम सरकवलं की टाळी थापेवर. लोक बेताल टाळ्या वाजवतात अशी तक्रार बरेच कलावंत करतात. त्यात अंतराचा वाटा बराच असतो.

आता ज्या भागावर सगळ्यात जास्त बोलणं झालं तो. दुसऱ्या रात्री आख्यानाच्या शेवटाकडे, लय टिपेला असताना, डाव्या बाजूच्या रांगेत एका बाईंच्या अंगात आलं. गोंधळात हे नवीन नाही. घुमण्याचा आवाज, आजूबाजूच्या बायकांची धावपळ, कुणीतरी हळद-कुंकू मागतंय, संबळवाला थांबत नाही उलट त्यांना धरून वाजवतोय, नाईक आख्यान बाजूला ठेवून थेट त्यांच्याशी बोलतायत. कडेच्या माईकने हे सगळं इतकं स्पष्ट टिपलं होतं की ऐकताना अंगावर काटा येत होता. ध्वनिमुद्रक म्हणून माझ्या आयुष्यातला तो फार मोलाचा तुकडा. अल्बमसाठी पैसे उभे करणाऱ्या मित्राचं मत, हाच भाग लोक एकमेकांना पाठवतील.

दारावर पाटी होती की कार्यक्रम मुद्रित होत आहे, आत येणाऱ्याची त्याला संमती धरली जाईल. कागदोपत्री आम्ही मोकळे होतो. पण ती संमती टाळ्यांसाठी होती. त्या बाई काय बोलल्या, त्यांत घरातल्या माणसांची नावं होती. मी नाईकांना तो भाग ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "ह्ये देवीसमोरचं बोलणं हाय. आपण मधी फक्त उभं होतो." तेवढ्यावर निर्णय झाला. भाग गाळला. गाळल्याची जागा लपवण्यासाठी टाळ्यांचा पूल बांधता आला असता. तो बांधला नाही. आवाज हळूहळू उतरतो, क्षणभर थांबतो, आणि आख्यानाचा शेवट सुरू होतो. तिथे काहीतरी निघून गेलंय हे लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला कळतं, आणि कळावंच.

बाकी गाळणं याच्या मानाने सोपं होतं. तुणतुणं पुन्हा लावतानाचा लांब भाग आखडला. रडणारं मूल राहू दिलं. नाचताना लाकडी रंगमंचावर पडणारे पाय स्टँडमधून माईकमध्ये शिरत होते. नाईकांच्या माईकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापलं, पण डोक्यावरच्या जोडीतून पायाचा ठेका मुद्दाम येऊ दिला.

नाईकांना पहिलं मिक्स पाठवलं तेव्हा लगेच फोन आला. "संबळ कुठाय?" माझ्या स्पीकरवर तर भिंती हादरत होत्या. ते मोबाइलवर ऐकत होते. मोबाइलचा चिमुकला स्पीकर खर्ज जवळपास वाजवतच नाही, त्यामुळे खर्जाचं संबळ गायब आणि टिपेचं तेवढं टकटक. त्यांना हेडफोन लावा असं सांगणं सोपं होतं. पण हा अल्बम ऐकणारे बहुतेक लोक मोबाइलवरच ऐकणार होते, शेतात, टेम्पोत. म्हणून खर्जाच्या संबळाला थोडी विकृती दिली, म्हणजे त्याचे वरचे स्वरांश वाढवले. मूळ खर्ज वाजला नाही तरी त्याचे वरचे अंश ऐकून मेंदू तो भरून काढतो. दुसऱ्या वेळी नाईक म्हणाले, "आता आलं." मास्टरिंगमध्ये, म्हणजे अल्बमवर शेवटचा हात फिरवतानाही हाच झगडा. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळ्या गाण्यांचा आवाज साधारण −१४ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) या एका पातळीला आणतात, तेव्हा दाबून दाबून मोठं करण्यात अर्थ नाही. आवाहनाचा हळू भाग हळूच ठेवला. संबळ पहिल्यांदा वाजतं तेव्हा माणूस दचकला पाहिजे.

मग ट्रॅकची विभागणी. आख्यान एक सलग वस्तू. पण मुद्रणाच्या प्रत्येक माध्यमाने लोककलेला आपल्या मापाने कापलंय. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांची ध्वनिमुद्रणं झाली तेव्हापासून ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत. पोवाडा असो की लावणी, त्यात बसेल तेवढंच. कॅसेटने तीस, पंचेचाळीस मिनिटांची बाजू दिली. नाईकांकडे त्यांच्या वडिलांच्या पिढीतली एक कॅसेट आहे, तिच्यात राजा ऐन संकटात सापडतो आणि बाजू संपते. सीडी ८० मिनिटांपर्यंत गेली. आता मर्यादा कुठलीच नाही, पण ऐकणारा पहिल्या अर्ध्या मिनिटात पुढे जातो की थांबतो यावर सगळं मोजलं जातं. आम्ही आख्यानाचे तुकडे केले, मात्र थट्टेच्या वळणांवर, आणि मध्ये शांतता न ठेवता. सलग ऐकलं तर एकच. एकेक ऐकलं तरी प्रत्येकाला सुरुवात आहे.

कागदपत्रांकडे लोककलेच्या अल्बममध्ये फार दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं सविस्तर. गाणी पारंपरिक असली तरी गाणाऱ्याचा हक्क असतोच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षं आहे, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर व्यापारी वापरात रॉयल्टीचाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, ६० वर्षांचा. "एकरकमी घ्या आणि सही करा" हा प्रकार मंडळींनी आधी भोगला होता. आम्ही करार मराठीत केला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि तुणतुणेवाला आणि झांजवाला यांनाही सहीला बसवलं. एरवी सही फक्त नाईकांची असते. गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहिलं, पण एका गणाबद्दल नाईक म्हणाले की तो त्यांच्या आजोबांनी बांधलाय. तिथे आजोबांचं नाव गेलं.

प्रत्येक ट्रॅकला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाची ओळख, लागतो. आवाहनाचं रेडिओसाठी छोटं रूप केलं, तर त्याला वेगळा क्रमांक. अल्बम चढवल्यावर एका वितरण सेवेच्या यंत्रणेने आरतीवर कुणा दुसऱ्याचा दावा दाखवला. चाल तीच, कारण सगळा महाराष्ट्र तीच चाल गातो. कच्च्या मुद्रणाचे तुकडे, तारखा आणि करार पाठवले, बऱ्याच पत्रापत्रीनंतर दावा निघाला. कच्चं मुद्रण जपून ठेवायचं याहून व्यवहारी कारण मला माहीत नाही.

अल्बम आता लोकांच्या मोबाइलवर आहे. नाईक कार्यक्रमांच्या ठिकाणी पेनड्राइव्हवरही विकतात, आणि पेनड्राइव्ह घेणाऱ्यांची एकच तक्रार असते, आख्यान लहान का. दोन्ही रात्रींचं न कापलेलं मुद्रण दोन डिस्कवर आहे, एक माझ्याकडे, एक नाईकांच्या पुतण्याकडे. त्या बाईंचा भाग फक्त नाईकांकडच्या डिस्कवर ठेवला, माझ्याकडून पुसला. पुढच्या वर्षी पटांगणात, १२ वाजेपर्यंतची परवानगी असलेल्या रात्री, ध्वनिक्षेपक न लावताच करू असं नाईक म्हणतायत. ध्वनिक्षेपक नसेल तर माईकची शिट्टीही नाही. माझ्या मनात सध्या फक्त एवढंच चालू आहे की पटांगणात प्रेक्षकांचे माईक टांगायचे कशाला.